संगणकातला गूढपुरुष

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या पोटात डोकावणे काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण वाचकहो, हेरगिरी हा आमच्याही अभ्यासाचा विषय आहेच की! कौटिल्याने अर्थशास्त्रात गूढपुरुषांचे दोन वर्ग सांगितले आहेत: एके ठिकाणी ठाण मांडणारे 'संस्था' आणि फिरते 'संचार'. संगणकातले स्पायवेअर पहिल्या वर्गातले. ते बसल्या जागी आपली अक्षरे टिपते; पण टिपलेले धन्याला पोचवले नाही तर सारे व्यर्थ. नेमके त्या वेळी ते सापडू शकते.

तुमसरला मामांच्या संगणकावर मी हा प्रयोग केला. काही विकत घ्यावे लागत नाही. साधन विंडोजमध्ये मुळातच असते. आधी उघडे असलेले सर्व प्रोग्रॅम बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे. शोधपट्टीत 'सीएमडी' लिहिले की काळी चौकट उघडते. तिच्यात इंग्रजीत 'नेटस्टॅट' लिहावे, एक जागा सोडून आडवी रेघ द्यावी आणि तिला लागून ए, एन, ओ ही लहान अक्षरे. एंटर दाबताच यादी येते. 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे या क्षणी जोडलेले संभाषण. 'लिसनिंग' म्हणजे कुणाच्या हाकेसाठी कान लावून बसलेले. 127.0.0.1 हा पत्ता आपल्याच यंत्राचा, तो सोडून द्यावा. शेवटच्या रकान्यातला आकडा टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' पानावर शोधला की बोलणाऱ्याचे नाव कळते.

मामांच्या यंत्रात एक अनोळखी नाव बाहेर बोलताना दिसले. त्यांचे बँकेचे व्यवहार त्याच यंत्रावर! माझ्या तोंडचे पाणीच पळाले. ती फाइल कुठे ठेवली आहे ते पाहिले, तर प्रिंटरबरोबर आलेला प्रोग्रॅम निघाला. मामी पुढे दोन दिवस मला 'हेरसाहेब' म्हणत होती.

पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या शेजारच्या नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना भीमा-कोरेगाव प्रकरणात जून 2018 मध्ये अटक झाली. त्यांच्या संगणकात ईमेलवाटे 'नेटवायर' हा दुरून यंत्र हाताळू देणारा प्रोग्रॅम शिरवून कागदपत्रे पेरली गेली, असा अहवाल बचाव पक्षासाठी तपासणी करणाऱ्या अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने 2021 साली दिला. तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही. खरेखोटे न्यायालयाने ठरवायचे. पण माणसाचे स्वातंत्र्यच अशा तपासणीवर अवलंबून राहू शकते, हे खरे.

म्हणून या साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. स्पायवेअर सतत बोलत नाही. आज्ञेच्या शेवटी जागा सोडून 30 लिहिले तर दर 30 सेकंदांनी नवी यादी येते. तेवढा वेळ बसून पाहावे. काही प्रोग्रॅम विंडोजच्याच एखाद्या प्रोग्रॅमचे नाव धारण करतात, तर काही यादीतूनच लपतात. संशय बळावला तर इंटरनेट तोडावे, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत आणि पुसापुशी न करता जाणकाराला दाखवावे.

मामांचे यंत्र स्वच्छ आहे, असे मी आजही म्हणत नाही. त्या दिवशी दोन तासांत मला काही सापडले नाही, इतकेच.