भात उतू गेला, ज्योत पिवळी झाली!

पेज किंवा कालवण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. घाबरू नका, ते मीठ! मिठातलं सोडियम ज्योतीला पिवळा रंग देतं. ज्योतीचे असेच रंग लोलकातून न्याहाळत बुन्सेन आणि किरखॉफ यांनी १८६०-६१ मध्ये सिझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यं शोधली.

पण बर्नर स्वच्छ असूनही ज्योत पिवळीच राहिली, भांड्याचं बूड काळं होऊ लागलं, तर मात्र शेगडीला हवा कमी पडते आहे. बारीक छिद्रातून जोरात सुटलेला गॅस वाटेत हवा ओढून घेतो आणि नळीत दोन्ही मिसळतात. ही नळी बुजली की ज्योत बिघडते. आणि ती बुजवतं कोण? बहुधा कोळी!

महाडच्या खाडीपट्ट्यात, तुडीलसारख्या गावात, मुंबईला किंवा आखातात असलेल्यांची घरं महिनोन् महिने बंद असतात. तेवढ्या काळात कोळ्याचं जाळं किंवा मुंग्यांची माती नळीत बसते. म्हणून सुट्टीला घर उघडलं की चहा ठेवण्याआधी बर्नर उचला, नळीत बारीक ब्रश फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे.

पितळी बर्नरला आमसूल किंवा चिंच लावा. त्यातलं आम्ल पितळेवरचा काळा थर विरघळवतं, आजीची भांडी लखलखायची ती यामुळेच. ॲल्युमिनियमच्या बर्नरला मात्र आंबट लावू नका. त्याला साबणाचं कोमट पाणी पुरे. पावसाळ्यात धुतलेला बर्नर पूर्ण वाळू द्या, ओल्या बर्नरवर ज्योत फडफडते. बर्नरची छिद्रं पिनेने मोकळी करा. आतल्या गॅसच्या बारीक तोंडात मात्र सुई घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गॅस जास्त, हवा कमी!

मुंबईतली पाइप गॅसवरची महागडी, ओव्हनवाली शेगडी (रेंज) गावी नेऊन थेट सिलिंडरला जोडणं तर फारच धोक्याचं. पाइप गॅससाठी ही तोंडं मोठी असतात. सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात सुमारे अडीचपट उष्णता असते, त्यामुळे ज्वाळा उंच, पिवळ्या आणि काजळीच्या उठतात. आधी मेकॅनिककडून तोंडं बदलून घ्या.

अशा रेंजची नॉब दाबून दोन-चार सेकंद का धरावी लागते? बर्नरशेजारचं छोटं टोक तापलं की त्यातून घड्याळाच्या सेलच्या साधारण पन्नासाव्या हिश्शाएवढ्या दाबाची वीज निर्माण होते. तेवढ्या विजेवर एक लोहचुंबक गॅसची वाट उघडी धरतो. ज्योत विझली की टोक थंड होतं, गॅस आपोआप बंद! नॉब सोडताच ज्योत विझत असेल, तर आधी त्या टोकावरची काजळी कोरड्या फडक्याने पुसून पाहा. अनेकदा तेवढ्यानेच भागतं.

आता महाडच्या सावित्री नदीकाठच्यांसाठी एक नवल: भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो. १४.२ किलो गॅस धरून त्याचं वजन तीसेक किलो, आणि तो बाजूला सारतो सुमारे ३५ लिटर पाणी. जुलै २०२१ च्या पुरासारखं पाणी घरात शिरायची वेळ आली, तर रेग्युलेटर काढून झाकण लावा. पुरात भिजलेला सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडून तपासल्याशिवाय वापरू नका, झडपेत गाळ बसतो.

सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती पुढच्या चाचणीची मुदत. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करा.

सिलिंडरपासून शेगडीपर्यंतच्या नारिंगी रबरी नळीवरही वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षं झाली की ती दिसायला कितीही चांगली असो, बदला. आणि गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, विजेचं बटण ना चालू करा ना बंद, आणि घराबाहेर येऊन १९०६ या मदत क्रमांकाला फोन लावा.