पाठमोरी प्रजा

एचिंगमध्ये सगळं उलटं काढावं लागतं. छापात राजाच्या उजव्या हातात तलवार हवी, तर तांब्याच्या पत्र्यावर ती डाव्या हातात द्यायची. तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जच्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथाचं १६५१ सालचं मुखचित्र असंच उलटं घडलं. डोंगरांमागून कमरेपर्यंत वर आलेला महाकाय राजा, एका हातात तलवार, दुसऱ्यात बिशपचा दंड आणि अंग ३०० हून अधिक माणसांचं. इंग्लंडमध्ये दोनच वर्षांपूर्वी खऱ्या राजाचं मुंडकं उडालं होतं. हॉब्ज पॅरिसमध्ये परागंदा होता. चित्रावर सही नाही, पण बहुतेक अभ्यासक ते तिथल्याच आब्राहाम बॉसचं मानतात.

बॉसनं १६४५ मध्ये एचिंगवर पुस्तकच लिहिलं, म्हणून त्याची रीत कळते. पत्र्यावर कडक व्हार्निश चढवायचं, तिरप्या टोकाच्या सुईनं ते खरवडायचं. सुई बोटांत फिरवली की रेघ फुगते, निमुळती होते. मग व्हिनेगर, नवसागर, मीठ आणि जंगाल उकळून केलेलं पाणी तिरप्या पत्र्यावर पुन्हा पुन्हा ओतायचं. फिकट हवं ते लवकर झाकून टाकायचं, बाकीचं त्या पाण्याला आणखी खाऊ द्यायचं. लांबचं फिकं, जवळचं गडद. इथे मात्र राजा सगळ्यात मागे असूनही अंगातल्या माणसांच्या दाटीमुळे टेकड्यांपेक्षा गडद उठतो.

छापखान्यात मी राजाच्या बाहूचा तुकडा भिंगाखाली उतरवून पाहिला. आमच्याकडे त्या उकळलेल्या पाण्याऐवजी फेरिक क्लोराईड, तेवढीच सोय. ज्वारीच्या दाण्याएवढी डोकी: टोपी, खांदा, दोन आडव्या रेघा, पुढचा माणूस. चेहरे काढायचे नाहीत, कारण सगळे पाठमोरे, राजाकडे तोंड करून. हात फार पटकन सरावतो, आणि तेच जरा खटकतं. खाली शहराचे रस्ते ओस. शिपाई आणि चर्चजवळ चोचीचे मुखवटे घातलेले प्लेगचे दोन वैद्य तेवढे दिसतात.

चार्ल्स दुसऱ्याला दिल्याचं मानल्या जाणाऱ्या ‘लेव्हायथन’च्या हस्तलिखितातल्या रेखाटनात मात्र हीच माणसं बाहेर, पाहणाऱ्याकडे बघतात. छापताना ती वळवली. का, यावर पुष्कळ वाद आहेत. माझा तर्क साधा आहे. हस्तलिखिताचा वाचक एकच, भावी राजा. तेव्हा बाहेर बघणारी प्रजा त्याच्याकडेच बघत होती. छापील पुस्तक विकत घेणार होती ती प्रजा. तिला त्याच गर्दीच्या मागच्या रांगेत उभं करायचं, तर पुढच्यांच्या पाठीच दिसायला हव्यात.