परसबागेस करवंदीचे जिवंत कुंपण

नांदेड व लातूर जिल्ह्यांत बोरी-बाभळीच्या फांद्या तोडून परसास काट्यांचे कुंपण घालण्याची वहिवाट जुनी आहे. हे कुंपण स्वस्त वाटते; वस्तुतः ते तसे नसते. पावसात बूड कुजते, वाळवी लागते आणि उरलेसुरले उन्हाळ्यात चुलीत जाते. पुढील वर्षी कुऱ्हाड पुन्हा बोरीवर पडते.

करवंदीचे कुंपण एकदा उभे राहिले म्हणजे वर्षानुवर्षे टिकते. हे झुडूप सदाहरित असून त्यात चीक असल्याने मोठी जनावरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. मुरमाड जमिनीत व अल्प पावसावर ते तग धरते. साचलेले पाणी मात्र सोसत नाही. म्हणून गोदावरी-मांजरा काठच्या भारी काळ्या जमिनीत चरात रोप न लावता वरंब्यावर लावावे.

बियांची उगवणशक्ती लवकर नाहीशी होते. यास्तव मे-जूनमध्ये पिकलेल्या फळांचे बी धुऊन लगेच पेरावे. गतवर्षीच्या बियांवर विसंबू नये. रोपे वर्षभर पिशवीत वाढवून पुढील पावसाळ्याच्या आरंभी 60 सेंटिमीटर अंतरावर लावावीत. ओळ हद्दीपासून मीटरभर आत घ्यावी, म्हणजे शेजाऱ्याशी तंटा उद्भवत नाही.

खरी कसोटी पहिल्या तीन वर्षांची. कोवळ्या रोपांस शेळीचे भय असते. तोवर जुने काट्यांचे कुंपण बाहेरून राहू द्यावे. रोप गुडघाभर झाले की ते जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावे. जोमाने वाढणारे रोप कापणे शेतकऱ्याच्या जिवावर येते, आणि नेमकी येथेच बहुतेकांची चूक होते. न छाटलेली करवंदी वर वाढते, बुडाशी उघडी पडते आणि कोंबड्या व कुत्री खालून वाट काढतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही पहिली छाटणी स्वतः उभे राहून करून घ्यावी. त्यानंतरची छाटणी दरवर्षी फळे निघाल्यावर करावी.

रोही या कुंपणाने अडत नाही. शेताच्या हद्दीस सागरगोटा वा चिल्हार लावता येते, परंतु ती दूरवर पसरतात. परसात त्यांचे काम नाही. वेडी बाभूळ तर कोठेच लावू नये.

फळे धरू लागली की पोरेच कुंपणास खिंडार पाडतात. पायवाटेकडील करवंदे कच्ची असतानाच लोणच्यासाठी उतरवून घ्यावीत.