तिथी गुणिले पाऊण: कर्लीच्या खाडीत कयाक

मागच्या भागावर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, 'पवनेच्या तळ्यावर कयाक चालवली, आता तारकर्लीला जमेल का?' जमेल. पण आम्ही जसे गेलो तसे जाऊ नका.

आम्ही चौघं, पौर्णिमेचा दिवस. दुपारी 2 वाजता देवबागहून निघालो, कर्लीतून वर जायचं आणि वाळूच्या एका पट्ट्यावर तंबू टाकायचा. तळ्यात काय असतं, वल्हं थांबवलं की कयाक थांबते. इथे वल्हं थांबवलं की आम्ही मागे! वीस मिनिटं जीव तोडून मारलं आणि बघतो तर काठावरचा तोच माड शेजारी. मग एकाचा हात भरून आला, तो थांबला, आणि त्याची कयाक संगमाकडे, म्हणजे थेट समुद्राच्या तोंडाकडे निघाली.

आता हे का झालं ते सांगतो. चंद्र-सूर्य एका रेषेत आले, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला, की उधाण. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी कमी चढतं, कमी उतरतं. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं, म्हणून भरती रोज जवळपास 50 मिनिटं उशिरा. कोकणातला जुना हिशोब ह्यावरच आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. एकादशी असेल तर 11 गुणिले पाऊण, सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि मालवणची भरती मुंबईच्या थोडी आधी येते. कॅलेंडर भिंतीवर असतंच, अॅपला रेंज लागते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात एक बारांश, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी जातं. सव्वाअकरात तीन तास मिळवा: आम्ही बरोबर त्या मधल्या तासांत उतरलो होतो. वर दुपारचा खारा वारा समुद्राकडून आत, पाणी बाहेर. वारा आणि ओढ समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, कयाकला त्या सगळ्यात वाईट. (बीटेकला फ्लुइड मेकॅनिक्स होतं. कामाला आलं नाही.)

मित्राला एका होडीवाल्या काकांनी दोर टाकून काठाला आणलं. लाइफ जॅकेट घातलेलं होतं, तेवढंच आमचं शहाणपण. काका म्हणाले, "खंय चल्लास रे? सुकती लागली, हयसरच थांबा." मग आमचा वाळूचा पट्टा बघून हसले आणि एका ओळखीच्या घरामागे, माडांत तंबू लावायला सांगितलं. कयाक पण वर ओढून माडाला बांधायला लावल्या. आम्हाला जरा अतीच वाटलं. रात्री 11 ला टॉर्च मारून बघितलं तर पट्टा नव्हताच, सगळीकडे पाणी.

सकाळी 8 ला भरती चढत होती. तोच माड, तेच चौघं. वल्हं मांडीवर ठेवलं तरी कयाक आपोआप वर सरकत होत्या.