सहाव्या महिन्यातली उदासी आणि एक रक्ततपासणी

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधल्या मराठी घरात नव्या आईचं मन उतरलं, तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. बाळंतपणासाठी पुण्याहून किंवा नागपूरहून आलेल्या आईला, सासूबाईंना पर्यटक व्हिसावर एका खेपेला बहुधा सहाच महिने राहता येतं. त्या परतल्या की घर खायला उठतं. वॉशिंग्टन राज्यात २०२० पासून मिळणारी पगारी रजा एरवीच्या बाळंतपणात फार तर सोळा आठवडे पुरते, म्हणजे चौथ्या महिन्याच्या आसपास कामही सुरू. ही सगळी कारणं खरी आहेत. पण ती इतकी खरी आणि इतकी हाताशी असल्यामुळेच गळ्यातल्या थायरॉईड या छोट्या ग्रंथीची चौकशी राहून जाते, आणि ती राहू नये असं मला ठामपणे वाटतं.

गरोदरपणात आईची प्रतिकारशक्ती काहीशी आवरलेली असते. प्रसूतीनंतर ती पुन्हा उसळते आणि काही जणींच्या बाबतीत थायरॉईडवरच चालून जाते, ग्रंथीचा दाह होतो. असं साधारण वीसात एकीला होतं. टाइप १ मधुमेह असेल तर धोका सुमारे तिप्पट, आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला रक्तात थायरॉईडविरोधी अँटी-टीपीओ प्रतिपिंडं सापडलेली असतील तर तीनांत एक ते दोनांत एक इतका. हा दाह बऱ्याचदा दोन सोंगं घेतो. पहिल्या काही महिन्यांत दुखावलेल्या ग्रंथीतलं साठवलेलं हार्मोन रक्तात सांडतं. मग छातीत धडधड, हातांना कंप, घाम, चिडचिड, आणि बाळ शांत झोपलेलं असतानाही डोळा न लागणं. घरचे म्हणतात, काळजी फार करते. पुढे साठा संपतो आणि साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात उलट चित्र दिसतं: न हटणारा थकवा, थंडी सोसेनाशी होणं, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, विसरभोळेपणा, उदासी. काही जणींत यातला एकच टप्पा दिसतो. बहुतेकींची ग्रंथी वर्षभरात सावरते. काहींना मात्र गोळी कायमची लागते.

आता याच्याशेजारी आपली देखरेख ठेवून पाहा. आपल्याकडे बाळंतिणीची शेक-मालिश, डिंकाचे लाडू, विश्रांती हे सारं सव्वा महिना चालतं. अमेरिकेतली रूढ तपासणीही सहाव्या आठवड्याची. दोन्ही परंपरांची नजर आईवरून जवळजवळ एकाच वेळी हटते, आणि थायरॉईडचा मंद टप्पा त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी येतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाच्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या महिन्याच्या भेटीत आईच्या नैराश्याची चाचपणी करायला सांगितलं आहे, ही फार चांगली गोष्ट. मात्र तिथे आईच्या हाती प्रश्नावली येते. रक्त तपासायचं तर तिच्या स्वतःच्या डॉक्टरकडे जावं लागतं, आणि हे जाणंच पुढे ढकललं जातं.

यावर पहिला आक्षेप असा की थकवा, केस गळणं, अपुरी झोप कोणत्या बाळंतिणीला चुकली आहे? बरोबर आहे. नैराश्य चाचपण्यासाठी १९८७ साली तयार झालेल्या एडिनबरा प्रश्नावलीने म्हणूनच अशी शारीरिक लक्षणं मुद्दाम टाळली आणि दहाही प्रश्न मनाभोवती ठेवले: हसू येतं का, स्वतःला विनाकारण दोष देता का, स्वतःला इजा करण्याचा विचार येतो का. अपराधीपणा, निराशा, बाळातही रस न वाटणं हे नैराश्याकडे बोट दाखवतं. थंडी आणि बद्धकोष्ठ थायरॉईडकडे. पण ही सीमारेषा पुसट आहे, लक्षणांवरून घरबसल्या निवाडा करता येत नाही. थायरॉईडचं काम दाखवणारे टीएसएच आणि फ्री टी-४ हे आकडे मात्र साध्या रक्ततपासणीत कळतात. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रसूतीनंतर नैराश्य आलेल्या स्त्रीची थायरॉईड तपासणी करावी असं सांगितलं आहे, ते याच कारणाने.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. नैराश्य म्हणायला आपल्या घरांत जीभ अडते, थायरॉईड म्हणायला अडत नाही. मग सगळं थायरॉईडवर ढकललं तर? ही भीती रास्त आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या अभ्यासात २३ टक्के माता सहा ते आठ आठवड्यांत नैराश्यात होत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बेबनाव ही त्यातली मोठी कारणं होती. त्यांवर थायरॉईडची गोळी चालत नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या एका चाचणीत प्रतिपिंडं असलेल्या मातांना आधीपासून थायरॉक्सिन देऊनही नैराश्य टळलं नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तिचा त्रास खोटा ठरत नाही, आणि बिघडलेला आला म्हणून समुपदेशनाची गरज संपत नाही. दोन्ही चौकशा सोबतच व्हायला हव्यात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर रिपोर्टची वाट पाहायची नाही. अमेरिकेत ९८८ किंवा ९११ ला लगेच फोन करायचा.

तपासणीला जाताना एक गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगावी. केस गळतात म्हणून अनेक जणी बायोटिनच्या गोळ्या घेतात. मोठ्या मात्रेतलं बायोटिन काही चाचण्यांमध्ये घोळ घालतं आणि रिपोर्ट थायरॉईड वाढल्यासारखा दिसू शकतो. म्हणून ते निदान दोन दिवस आधी थांबवायला सांगतात. टीएसएच खरोखरच कमी असेल तर दाह आहे की ग्रंथीला जास्त हार्मोन बनवायला लावणारा ग्रेव्हज आजार, हे ठरवावं लागतं, कारण दाहात हार्मोनचं उत्पादन रोखणाऱ्या औषधांचा उपयोग नसतो. हार्मोनचा चढ ओसरल्यावर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात, कारण दोन टप्प्यांच्या मध्ये आकडा काही काळ सरळ दिसतो. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, घेत असताना बाळाला अंगावर पाजता येतं. आणि हा रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवावा: पुढच्या बाळंतपणानंतर हाच त्रास पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा ती प्रसूती बेलव्ह्यूत होवो वा पुण्यात, डॉक्टरांना तो पहिल्याच भेटीत दाखवता येईल.