सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे एक अभिनव प्रथा सुरू झाली. सायंकाळी सात वाजता देवळावर बसविलेला भोंगा वाजला की घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल बंद करावयाचे, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत ते उघडावयाचे नाहीत. एके काळी गिरणीचा भोंगा माणसांना यंत्राकडे बोलावीत असे. या भोंग्याने त्यांना यंत्रापासून उठविले.

ही गोष्ट सहजासहजी घडली नाही. सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला तेव्हा गावातील पुरुषांनी तो हसण्यावारी नेला. मग ग्रामपंचायतीने स्त्रियांना एकत्र बोलावले. मालिका पाहण्यात आपलाही फार वेळ जातो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले, आणि तेथेच या विचाराला बळ मिळाले. आरंभी भोंगा वाजल्यावरही ग्रामपंचायतीची माणसे दारोदार फिरून आठवण देत. या प्रयोगाचे मर्म नेमके येथे आहे. मुलाला ‘ठेव तो मोबाइल’ असे सांगणाऱ्या बापाच्या हातात स्वतःचा मोबाइल राहिला नाही.

त्याच वर्षी, नोव्हेंबरात, यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने निराळा मार्ग पत्करला. अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरूच नये, असा ठराव तिने केला. हेतू एकच, परंतु एका गावाने सर्वांना दीड तासाचा नियम घातला आणि दुसऱ्याने केवळ मुलांना सर्वकाळचा. मुलाला अन्याय चटकन कळतो. ज्या नियमातून वडीलधारे मोकळे सुटतात, तो चोरून मोडण्यात त्याला फारसे पाप वाटत नाही.

मुळात मोबाइल मुलांनी हट्टाने मिळविला, असेही म्हणता येत नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शाळेनेच तो त्यांच्या हाती दिला. तेलंगणात १ सप्टेंबर २०२० पासून दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवरून आणि टी-सॅटवरून पाठ सुरू झाले. आदिलाबाद जिल्ह्यातील तामसीसारख्या सीमेवरील गावांत काय, किंवा पैनगंगेपलीकडच्या महाराष्ट्रात काय, ज्या घराने कर्ज काढून मोबाइल घेतला त्याने तो शिक्षणासाठी घेतला. शाळा पुन्हा भरल्या. मोबाइल मात्र परत गेला नाही.

सहावी ते आठवीची मुले या जाळ्यात विशेष गुरफटतात, याला कारण आहे. या वयात आईबापांच्या मतापेक्षा सोबत्यांचे मत मोठे वाटू लागते. पुस्तकाला शेवटचे पान असते, खेळाला अंधार पडण्याची मर्यादा असते. समाजमाध्यमाच्या पानाला तळ नसतो. एक चित्रफीत संपण्यापूर्वी दुसरी हजर होते, आणि आपल्या छायाचित्राला किती जणांनी पसंती दिली याचा आकडा सर्वांसमोर लागतो. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर तेरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. पण जन्मवर्ष मागे ढकलणे सहावीतल्या मुलालाही जमते, आणि कित्येकदा घरातील थोरला भाऊच ते भरून देतो.

एकट्या घराचा उपाय येथे लंगडा पडतो. वर्गातील सगळी मुले एका गटावर असतील आणि एकालाच मनाई झाली, तर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो परका ठरतो. सर्वांचे मोबाइल एकाच वेळी बंद झाले, तर मात्र त्या वेळी कोणी काही गमावीत नाही. बेळगावजवळील हलगा गावानेही सात ते नऊ असा भोंगा सुरू केला.

राज्यसत्तेनेही हात घातला आहे. फ्रान्सने २०१८ मध्ये शाळेत मोबाइल वापरण्यास कायद्याने मनाई केली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याचे बंधन घातले. तथापि ज्या पालकाला संमतीचा मजकूरच वाचता येत नाही आणि जो मुलाकडूनच मोबाइल शिकतो, त्याची संमती कितपत खरी मानावी?

तामसीसारख्या गावात भोंगा वाजवायचा तर वेळेचा विचार आधी करावा लागेल. पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो. दिवसभर तो बापाबरोबर शेतावर राहतो आणि दिवेलागणीला मुलांच्या हाती पडतो. शिक्षकही गृहपाठ मोबाइलवरील गटावर सायंकाळीच पाठवीत असतील, तर भोंगा आणि गृहपाठ यांचाच झगडा लागेल. म्हणून गृहपाठ शाळा सुटण्यापूर्वी फळ्यावर लिहून द्यावा, आणि मुलांनी तो वहीत उतरवून घ्यावा. भोंग्याचा खर्च ग्रामपंचायतीने सोसावा. खडूचा शाळा सोसतेच आहे.