विश्लेषण : नेटवर्क संथ, पण दोष कुणाचा? मोजमापाच्या नोंदींना समान भाषा का लागते?

जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत प्रोटॉनच्या टकरींतून निघणारा डेटा जगभरातील संगणक केंद्रांना वाटून दिला जातो. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था हे त्यांपैकीच एक केंद्र. तिथवर पोहोचेपर्यंत हा डेटा वेगवेगळ्या मालकीची अनेक नेटवर्क ओलांडतो. वाटेत वेग मंदावला, की प्रत्येक नेटवर्कचा चालक सांगतो, ‘आमच्याकडे सगळे ठीक आहे’. मग दोष शोधायचा कसा? सगळ्यांच्या मोजमापाच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवून. पण त्यासाठी त्या नोंदींची भाषा एक असावी लागते.

दोष एकट्याला का सापडत नाही?

नेटवर्कवरून डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये जातो. अमेरिकेतील ‘ईएसनेट’ या संशोधन नेटवर्कने नोंदवलेल्या एका प्रकरणात राउटरच्या बिघडत चाललेल्या कार्डामुळे २२ हजारांत एक पॅकेट गहाळ होत होते. एवढी गळती यंत्रावरच्या दिव्यांत किंवा रोजच्या आलेखात दिसत नाही. शहरातल्या शहरात तिचा फारसा त्रासही होत नाही. मात्र पॅकेट हरवले, की पाठवणारा संगणक वाट तुंबली असे समजून वेग कमी करतो आणि अंतर जितके लांब, तितका तो वेग पुन्हा वाढायला वेळ लागतो. त्यामुळे गळती एका देशात आणि तिचा फटका दुसऱ्या खंडात, असे घडते. दोन टोकांच्या नोंदी एकत्र पाहिल्याशिवाय ती सापडणे कठीण.

आकडे असतात, मग अडचण कोणती?

समजा, एका नेटवर्कने कळवले, ‘वेग १००’. हे मेगाबिट की मेगाबाइट? दोहोंत आठ पटींचा फरक आहे. ‘विलंब ६०’ म्हणजे जाण्याचा, की जाऊन परत येण्याचा? ‘सकाळी १०.३०’ ही वेळ मुंबईची, की जागतिक प्रमाणवेळ? दोन्हींत साडेपाच तासांचे अंतर आहे.

गडबड याहून खोलवरही असू शकते. राउटरमधून किती बाइट गेले, हे मोजणारा जुना ३२ बिटांचा मोजक ४२९ कोटींच्या पुढे गेला, की पुन्हा शून्यावर येतो. एक गिगाबिट वेगाच्या भरलेल्या जोडणीवर हे अवघ्या ३४ सेकंदांत घडते. दर पाच मिनिटांनी नोंद घेणाऱ्याला मधल्या फेऱ्या कळतच नाहीत. म्हणून पुढे ६४ बिटांचे मोजक आले. नोंद कोणत्या मोजकाची, हे लिहिलेले नसेल, तर आकडा दिसायला नेमका. पण खरा असेलच असे नाही.

स्कीमा म्हणजे काय?

सातबारा उताऱ्यावर कोणत्या रकान्यात काय लिहायचे आणि क्षेत्र कोणत्या एककात द्यायचे, हे ठरलेले असते. म्हणूनच गडचिरोलीचा उतारा कोल्हापुरातही वाचता येतो. स्कीमा म्हणजे डेटासाठी असाच ठरवून दिलेला नमुना. रकान्याचे नाव, एकक, वेळेची पद्धत, काय अनिवार्य आणि काय ऐच्छिक, हे तो सांगतो. नोंदी मागण्याची आणि देण्याची रीत मात्र वेगळी ठरवावी लागते. ती असते वेब सेवेचे मानक. स्कीमा हा मजकूर मानला, तर मानक हा त्याचा लिफाफा.

‘परफसोनार’ने काय निवडले?

इंटरनेट-टू, युरोपचे जिआँ, ईएसनेट आणि ब्राझीलचे आरएनपी या संशोधन नेटवर्कांनी मिळून ‘परफसोनार’ ही मोजमापाची प्रणाली उभी केली. सर्नशी जोडलेल्या संगणक केंद्रांतही ती वापरली जाते. ती सुरू झाली, तेव्हा वेब सेवा म्हणजे ‘सोप’ आणि ‘एक्सएमएल’ असेच समीकरण होते. परफसोनारने तोच लिफाफा घेतला आणि मजकुरासाठी ‘ओपन ग्रिड फोरम’च्या नेटवर्क मोजमाप गटाचा स्कीमा स्वीकारला.

या स्कीमात एक शहाणपण होते. कोणत्या दोन टोकांमध्ये, काय आणि कोणत्या रीतीने मोजले, हा तपशील एका भागात आणि वेळेनुसार येणारे आकडे दुसऱ्या भागात. तपशील क्वचितच बदलतो, आकडे सतत येत राहतात. त्यामुळे तोच तपशील दरवेळी पाठवावा लागत नाही आणि आकडाही संदर्भाविना भटकत नाही.

मग लिफाफा का बदलला?

सोपचे संदेश लांबलचक असतात. एक छोटा आकडा कळवायलाही खुणांचे मोठे वेष्टन लागते आणि ते उलगडायला खास सॉफ्टवेअर. पुढे ‘रेस्ट’ पद्धत आणि ‘जेसॉन’ हा सुटसुटीत साचा रुळला. २०१७ मध्ये आलेल्या परफसोनारच्या चौथ्या आवृत्तीतील ‘पीशेड्यूलर’ याच मार्गाने बोलतो. त्यात चाचणी आणि ती करणारे साधन वेगळे ठेवले आहे. वापरणाऱ्याने ‘वेग मोजा’ एवढे सांगायचे. साधन कोणतेही असो, निकाल एकाच साच्यात येतो. म्हणजे लिफाफा बदलला, तरी नोंदीचा अर्थ आधी ठरवण्याची शिस्त कायम राहिली.

इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या ‘आयईटीएफ’नेही हीच वाट धरली. तिच्या २०१० मधील ‘यांग’ या भाषेत यंत्राच्या माहितीचा आराखडा एककांसह लिहिता येतो आणि प्रत्यक्ष माहिती एक्सएमएल किंवा जेसॉन, कोणत्याही रूपात पाठवता येते.

निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, नवा स्कीमा लिहिण्याआधी तयार असलेला चालतो का, ते तपासावे. स्वतःचा नमुना पहिल्या दिवशी सोयीचा वाटतो. दुसऱ्या संस्थेशी जोडणी करायची वेळ आली, की दुभाषा लागतो.

दुसरी गोष्ट, एकक, वेळ आणि मोजण्याची रीत हे रकाने अनिवार्य असावेत. ‘समजून घ्या’ हे संगणकाला चालत नाही.

तिसरी, आवृत्ती क्रमांक आणि नवे रकाने जोडण्याची सोय हवी. नाहीतर नवे साधन आले, की जुन्या नोंदी निरुपयोगी ठरतात.

चौथी, काय द्यायचे नाही, हेही ठरवावे. सविस्तर नोंदींतून नेटवर्कची अंतर्गत रचना उघड होऊ शकते. म्हणून कोणाला किती तपशील दिसेल, याची सोय सुरुवातीपासूनच हवी.

सोप की रेस्ट, यावर बैठकांमध्ये तासन् तास चर्चा होते. पण लिफाफे दहा-पंधरा वर्षांत बदलतात आणि ते बदलताही येतात. पाच वर्षांपूर्वीच्या नोंदीत एकक लिहायचे राहिले असेल, तर ते आज कुठून आणणार? म्हणून बैठकीतला जास्त वेळ रकाने ठरवण्यावर खर्च व्हायला हवा. कारण वेग मंदावतो, तेव्हा ‘आमच्याकडे सगळे ठीक आहे’ या उत्तराची शहानिशा त्या रकान्यांवरूनच होते.